हलकी जमीन, हलकी वाईन

आमच्या महसुली भाषेंत 'हलकी' हा शब्द निंदेचा आहे. जमीन हलकी म्हटली कीं तिची प्रत उतरली, आकार उतरला, आणि मुलीचा बाप त्या घरीं सोयरीक करण्यापूर्वीं दोनदां विचार करूं लागला. बैल हलका, धान्य हलकें, कापड हलकें असें म्हणतांना बोलणाराच्या मनांत उणेपणाच असतो. चौतीस वर्षें आकारबंद व प्रतबुकें चाळण्यांत गेल्यामुळें प्रस्तुत लेखकाच्या जिभेवरहि हाच अर्थ बसलेला आहे. तथापि जर्मनींत मोझेल नदीच्या कांठीं जी एक पांढरी, सुवासिक वाईन होते व जी तेथील लोक हिवाळा सरतांना, झाडांस नुकती पालवी फुटूं लागते त्या दिवसांत, मोठ्या आवडीनें पितात, तिच्या बाबतींत 'हलकी' हें विशेषण स्तुतीचें आहे. ही स्तुति नुसती तोंडची न राहतां भावांत उतरली पाहिजे, नाहीं तर ती वाईन आणि तिला जन्म देणारी जमीन हीं दोन्ही हातचीं जातील, असें माझें स्पष्ट मत आहे. व तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

शेतकीच्या मासिकांत वाईनची कथा कशाला, असें कोणी म्हणेल. मद्यपानाचा प्रसार करावा हा हेतु नाहीं. ज्यांचें व्रत आहे त्यांनीं तें मोडूं नये, ज्यांस मर्यादा राखतां येत नाहीं त्यांनीं बाटलीस हात लावूं नये, आणि आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवाना लागतो हेंहि कोणी विसरूं नये. परंतु ऊस, कापूस, आंबा ह्यांप्रमाणें वाईन हेंहि शेवटीं शेताचेंच उत्पन्न आहे. नाशिक जिल्ह्यांत कित्येक बागाइतदार त्याकरितां द्राक्षें लावतात. तेव्हां परक्या मुलखांतील शेतकऱ्याची गोष्ट येथील शेतकऱ्यांनीं ऐकावयास हरकत नसावी.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त त्रिअर शहरीं राहतो. सेवानिवृत्तीनंतर त्याच्या आग्रहावरून मी तेथें गेलों व फाल्गुन-चैत्राचे सहा आठवडे राहिलों. जर्मन भाषा मला येत नाहीं. जें पाहिलें तें माझ्या डोळ्यांनीं, जें ऐकलें तें पुतण्याच्या तोंडून. उरलेलें वाचून पडताळून घेतलें.

मार्चअखेरची तेथील सकाळ आपल्या पौषांतल्या सकाळीपेक्षांहि गार असते. परंतु दिवस झपाट्यानें लांबत जातो. डोंगरउतारावरील मळ्यांतून मधूनमधून पीचचीं झाडें राखलेलीं आहेत, त्यांस पान येण्यापूर्वींच गुलाबी फूल येतें. माणसें अंगावरचा कोट न काढतां घराच्या दक्षिणेकडील भिंतीशीं बांक टाकून उन्हांत बसतात. मळ्यांत मात्र वेली अजून नुसत्या काड्या. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाइतदारास तेथील छाटणीचें नवल वाटेल. आपल्याकडे वेलीस झोप अशी नाहींच, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी अशी दोनदां कात्री चालवून आपण तिला वळणावर आणतों. मोझेलवर थंडीच वेलीस निजविते. छाटणी एकच, आणि तीहि जानेवारीपासून मार्चपर्यंत सवडीनें. जुन्या पद्धतीच्या मळ्यांत दर वेलीस एक खांब असतो. राखलेल्या दोन काड्या दोहों बाजूंनीं वाकवून खांबाशीं अशा बांधतात कीं पत्त्यांतल्या बदामासारखा आकार दिसतो. हें काम दमट हवेच्या दिवशीं करावें लागतें, कारण कोरड्या दिवशीं काडी वाकवितांना कडकन् मोडते. पुढें ऊन वाढलें कीं छाटलेल्या टोंकांतून थेंब थेंब पाणी गळूं लागतें. आपल्याकडेहि वेल असें पाणी सोडते. तेथें लोक म्हणतात, वेल रडते. आणि ह्याच दिवसांत मागल्या ऑक्टोबरांत खुडलेल्या द्राक्षांची वाईन तळघरांतील पिंपांतून बाटल्यांत भरली जाऊं लागते. वर वेल रडत आहे आणि खालीं तिचें गतवर्षींचें फळ उजेडांत येत आहे, असा हा हंगाम आहे.

जमीन पाहिली तेव्हां मला प्रथम हसूं आलें. ज्या दगडी पाटीवर आपण मुळाक्षरें गिरविलीं त्याच जातीचा दगड, चिपा चिपा होऊन उतारावर पसरलेला. माती अशी शोधावी लागते. मोझेलकांठच्या मळ्यांपैकीं सुमारें दोन पंचमांश क्षेत्र असें आहे कीं शंभर फूट पुढें जातां तीस फूट किंवा अधिक चढावें लागतें. ब्रेम गांवचा काल्मोंट नांवाचा कडा तर कांहीं ठिकाणीं साठ अंशांहून अधिक उभा आहे. आपल्याकडील प्रतबंदी करणारा कारकून तेथें गेला असता, तर 'पोटखराबा' असा शेरा मारून तो पुढल्या गटाकडे वळला असता, आणि नियमाप्रमाणें तो चुकला असें कोणास म्हणतां आलें नसतें. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत ज्या पाहणीचा पाया घातला, तींत पुढें मातीची खोली व पोत पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती ठरल्या. खोल काळी ती सोळा आण्यांची, उथळ खडकाळ ती दोन आण्यांची. आणि उतार हा तर जमिनीचा उघड दोषच मानला गेला.

मोझेलवर हा हिशेब उलटा चालतो, व त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. तो मुलूख विषुववृत्तापासून सुमारें पन्नास अंश उत्तरेस आहे. सूर्य तेथें ऐन दुपारींहि डोक्यावर येत नाहीं, तिरपाच राहतो. तेव्हां जी जमीन स्वतः उभी राहून दक्षिणेकडे तोंड करील तिलाच त्याचे किरण पुरते मिळतात. खालची नदी ऊन परतविते. काळा दगड दिवसभर तापतो व रात्रीं ती ऊब हळूहळू सोडतो. पाणी क्षणभर न थांबतां निचरून जातें, म्हणून वेलीचीं मुळें दगडाच्या फटींतून खोल जातात. नदीकांठच्या सपाट, खोल मातींत हीच वेल पानोळ्यानें माजते, घड मोठे धरते, आणि रस पांचट निघतो. उतारावर द्राक्ष पिकतें खरें, पण सावकाश, जेमतेम, ऑक्टोबर उजाडेपर्यंत. सावकाश पिकल्यामुळें त्यांत वास भरतो, थंडीमुळें आंबटपणा टिकतो, आणि साखर बेताचीच चढते. साखर बेताची म्हणून मद्यांशहि बेताचा. हलक्या जमिनीचें हें हलकेपण फळांतून थेट पेल्यापर्यंत उतरतें.

तें द्राक्ष रिझलिंग जातीचें. ह्या जातीचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख काव्यांत नसून जमाखर्चांत आहे, हें सांगतांना कारकुनाच्या जातीस थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. माइन नदीकांठच्या रूसेल्सहाइम येथील एका सरदाराच्या हिशेबांत १४३५ सालच्या १३ मार्च रोजीं मळ्यासाठीं रिझलिंगच्या वेली घेतल्याची रक्कम खर्चीं पडलेली आहे. पुढें १७८७ सालीं त्रिअरचा राजा-धर्मगुरु क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस ह्यानें आपल्या मुलखांतील हलक्या जातींच्या वेली उपटून चांगल्या जातीच्या लावण्याचा हुकूम सोडला. मोझेलवर रिझलिंगचें प्रस्थ वाढलें त्याचें श्रेय बरेंचसें ह्या हुकमास देतात.

आतां चवीविषयीं. हिवाळा संपतांना ज्या बाटल्या निघतात त्यांतील सर्वांत हलक्या प्रकारास 'काबिनेट' म्हणतात. जुन्या वळणाच्या काबिनेटमध्यें मद्यांश शंभर मापांत साडेसात ते नऊ मापें असतो. नेहमींच्या वाईनमध्यें तो बारा ते चौदा, व्हिस्कीसारख्या दारूंत चाळीसांच्या वर. आंबविण्याची क्रिया मध्येंच थंडाव्यानें थांबविल्यामुळें द्राक्षाची थोडी साखर तशीच राहते. तरीहि वाईन गोडमिट्ट लागत नाहीं. उसाच्या रसांत लिंबू पिळलें म्हणजे गोडीला जशी धार येते तशी तिला तिच्याच आंबटपणानें धार येते. वास प्रथम हिरव्या सफरचंदाचा, मग पांढऱ्या पीचचा, आणि कोठें तरी लिंबाच्या फुलाचा. नव्या वाईनमध्यें वायूचा किंचित् अंश राहिलेला असतो, तो जिभेच्या शेंड्याला चुरचुरतो. सर्व मिळून असें वाटतें कीं द्राक्षाचा रस प्यालों नसून, द्राक्ष पिकत होतें त्या दिवसांतली गार हवा प्यालों.

ही वाईन वसंताच्या आरंभींच कां गोड लागते, ह्याचा मीं विचार केला. हिवाळ्यांत तेथील माणूस जाड, तांबडी, ऊब देणारी वाईन मागतो. उन्हाळ्यांत तहान मोठी, तेथें नुसती गार असली तरी पुरे. मार्च-एप्रिलांत शरीरास ऊबेची गरज उरलेली नसते व तहानहि लागलेली नसते. तेव्हां कोठें माणूस वासाकडे लक्ष देऊं शकतो. शिवाय जेवणहि बदलतें. रानांत लसणीच्या वासाचीं हिरवीं पानें उगवतात, तीं लोक खुडून आणतात. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत शतावरीच्या कुळांतील पांढऱ्या कोंबांचा हंगाम असतो. असल्या कोंवळ्या अन्नापुढें भारी वाईन म्हणजे लहान मुलाच्या शेजारीं पहिलवान बसविल्यासारखें होतें. आमच्या सूनबाईनें एकदां कोथिंबिरीच्या वड्या तळल्या, मिरची हात सैल सोडून घातलेली. जोरकस मद्यानें तिखटाचा जाळ वाढतो; ह्या वाईननें तो निवला. धण्यांत जें लिनालूल नांवाचें सुगंधी द्रव्य असतें तेंच रिझलिंगच्या रसांतहि थोडें असतें असें मागाहून वाचनांत आलें, तेव्हां वडीचें व वाईनचें इतकें कां जमलें ह्याचा उलगडा झाला.

इतकी गुणी वस्तु, मग ती हातची जाईल असें मी कां म्हणतों? ह्याचें उत्तर दफ्तरांत आहे.

१८१५ नंतर मोझेलचा मुलूख प्रशियाच्या राज्यांत गेला. आरंभीं बाजार बरा होता. १८३४ च्या जकातसंघानंतर दक्षिणेकडील स्वस्त वाईन आंत आली आणि मळेवाले कर्जांत बुडाले. जमीनकराचा आंकडा मात्र ठरल्याप्रमाणें वसूल होत राहिला. त्रिअर येथेंच जन्मलेला कार्ल मार्क्स ह्यानें १८४३ च्या जानेवारींत कोलोनच्या 'ऱ्हाइनिशे त्साइटुंग' पत्रांत ह्या मळेवाल्यांच्या दैन्यावर व अधिकाऱ्यांच्या आडमुठेपणावर लेख लिहिले. तीन महिन्यांच्या आंत तें पत्र बंद पाडण्यांत आलें. ज्यानें वसुलीचें काम केलें आहे त्यास ह्यांतील कोणतीच गोष्ट नवी वाटणार नाहीं.

परंतु त्याच कर-दफ्तरानें पुढें एक उत्तम काम केलें. जमीनकराच्या आकारणीसाठीं प्रत्येक मळ्याचें निव्वळ उत्पन्न पाहून त्यांच्या आठ प्रती केलेल्या होत्या. १८६८ सालीं क्लॉटेन नांवाच्या कर-अधिकाऱ्यानें ह्या आकड्यांवरून झार व मोझेल नद्यांच्या मळ्यांचा रंगीत नकाशा छापला. ज्या उतारांचें उत्पन्न अधिक ते गडद, ज्यांचें कमी ते फिकट. पुढें १८९० व १९०६ सालीं त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. नकाशा पाहून व्यापारी गडद रंगाच्या उतारांकडे गेला, चार पैसे अधिक देऊं लागला, आणि १९०० च्या सुमारास मोझेलच्या निवडक बाटल्यांचे भाव लंडन-बर्लिनच्या खाणावळींत फ्रान्सच्या नामांकित वाईनच्या बरोबरीस किंवा वर गेले. सारा वाढविण्यासाठीं केलेलें प्रतबुक शेतकऱ्याच्या मालाची जाहिरात झालें, असें उदाहरण मला दुसरें माहीत नाहीं. त्याचें मर्म एवढेंच कीं, प्रत जमिनीची ठरली होती, व्यापाऱ्याच्या लेबलाची नव्हे.

हें मर्म १९७१ च्या जर्मन वाईन-कायद्यानें सोडलें. त्यानें दोन गोष्टी केल्या. उताराउताराचीं जीं हजारों जुनीं नांवें चालत आलीं होतीं तीं एकमेकांत मिसळून सुमारें अडीच हजारांवर आणलीं. पांच हेक्टरांहून लहान मळ्यास सामान्यतः स्वतंत्र नांव राहिलें नाहीं. तेवढ्यानें फारसें बिघडलें नसतें. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामागें जी अडचण होती तीच तेथेंहि होती, आणि तुकडे जोडणें सोईचेंच असतें. परंतु त्यावर कित्येक गांवें मिळून एकेक मोठें सामाईक क्षेत्र केलें आणि त्यास प्रसिद्ध गांवाचें नांव लावण्याची मुभा दिली. पीस्पोर्ट हें गांव घ्या. तेथें उताराच्या पायथ्याशीं इसवी सन ४०० च्या सुमाराचा रोमन लोकांचा द्राक्षें तुडविण्याचा मोठा घाणा सांपडला आहे; इतकी जुनी ती वहिवाट. गांवामागें अर्धवर्तुळाकार उभा उतार आहे, त्याचें नांव 'गोल्डट्रॉप्फशेन', म्हणजे सोनेरी थेंब. कायद्यानें 'पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग' असें एक सामाईक नांव निर्माण केलें व त्यांत आसपासच्या गांवांच्या सपाट जमिनी घातल्या. तेथें यंत्रानें पिकविलेली, बहुतेक दुसऱ्याच जातीच्या द्राक्षांची, पाणचट गोड वाईन 'पीस्पोर्ट' ह्या नांवावर जगभर स्वस्तांत विकली गेली. गिऱ्हाइकास लेबलावर गांव दिसतें. उतार कीं सपाटी, हें त्याला कसें कळावें? देवगडच्या पेटींत परप्रांतीय आंबा भरला म्हणजे देवगडच्या बागवानाचें जें होतें तेंच उतारावरच्या मळेवाल्याचें झालें. फरक एवढाच कीं, आपल्याकडे तें बाजारांतील लबाडीनें होतें आणि हापुसास २०१८ सालीं मिळालेल्या भौगोलिक निर्देशाचा त्याविरुद्ध आधार तरी आहे. तेथें तें कायद्यानेंच होऊं दिलें.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तिचा परिणाम अधिक खोल झाला. त्या कायद्यानें वाईनची पायरी ठरविली ती रसांतील साखरेवरून. लिटरभर रस लिटरभर पाण्यापेक्षां जितके ग्रॅम जड तितके 'एक्सले' अंश. हें माप एकोणिसाव्या शतकांतील एका सोनाराच्या नांवावरून पडलें आहे. मोझेलवर रिझलिंगच्या काबिनेटला सत्तर अंश पुरतात. त्यावर अधिक साखरेची एक पायरी, तीवर आणखी अधिक साखरेची, असें वर चढत जावें. ह्या शिडींत आपली हलकी वाईन अर्थातच सर्वांत खालच्या पायरीवर आली, आणि 'हलकी म्हणजे हलक्या प्रतीची' हा समज कायद्याच्या शिक्क्यानिशीं लोकांत रूढ झाला. साखर मोजण्यास सोपी, सुगंध मोजण्यास कठीण, म्हणून साखर मोजली. सरकारी कामांत असें होतें हें मी जाणतों; ज्याचा रकाना छापलेला असतो तेवढेंच भरलें जातें. परंतु सपाटीवरच्या खोल जमिनींतहि साखर चढवितां येते. उतारावर राबणाऱ्याचें जें खरें उत्पन्न, वास आणि आंबट-गोडाचा तोल, त्याला रकानाच नव्हता.

परिणाम मळ्यांत दिसतो. उभ्या उतारावर ट्रॅक्टर चढत नाहीं. कोठें कोठें एका रुळावरून चालणारी लहानशी गाडी माणूस व माल वर नेते; बाकी छाटणी, बांधणी, खुडणी सर्व हातानें, आणि सपाट मळ्याच्या कित्येक पट मजुरी. पावसानें वाहून आलेला दगड-माती पूर्वीं पाठीवर वाहून वर नेत असत. इतकें करून भाव मिळावयाचा सपाटीवरच्या मालाशीं स्पर्धा करून. १९९० च्या सुमारास मोझेलकांठीं बारा हजारांहून अधिक हेक्टर द्राक्षाखालीं होते, आतां नऊ हजारांच्याहि आंत आहेत. सोडलेले मळे मीं डोळ्यांनीं पाहिले. दोन हिरव्या पट्ट्यांमध्यें एक तपकिरी पट्टा, त्यांत काटेरी झुडपें, आणि त्यांतून डोकावणारे जुने खांब. विचारल्यावर उत्तर ठराविक: म्हातारा गेला, मुलगा शहरांत. हें वाक्य मराठींत भाषांतर करून सांगण्याची पुतण्याला गरजच पडली नाहीं. बोटाच्या खुणेवरूनच समजलें.

सुधारणा झाली नाहीं असें नाहीं. १९१० सालीं स्थापन झालेल्या नामांकित मळेवाल्यांच्या संघानें आपल्या सभासदांपुरती उतारांची प्रतबंदी पुन्हां केली, व ती करतांना जुन्या कर-नकाशांचा आधार घेतला. २०२१ सालीं कायदाहि बदलला. लेबलावर नांव जितक्या लहान क्षेत्राचें तितकी अपेक्षित प्रत उंच, हें तत्त्व मान्य झालें. पन्नास वर्षांनीं का होईना, सरकार जमिनीकडे वळलें.

तोंपर्यंत नवें संकट उभें राहिलें आहे. पूर्वीं दर दशकांत मोजक्याच वर्षीं तेथें द्राक्ष पुरतें पिकत असे. आतां हवा तापल्यामुळें जवळजवळ दर वर्षीं पिकतें, आणि साखर नको तितकी चढते. ज्या मळेवाल्यास आजा 'आणखी थोडें पिकूं दे' म्हणत असे, त्याला आतां हलकी वाईन साधावयाची तर घाई करून लवकर खुडावें लागतें, किंवा झार व रूवर ह्या थंड उपखोऱ्यांकडे जावें लागतें. तेथेंहि धोका चुकत नाहीं. ऊब लवकर आल्यानें डोळे लवकर फुटतात, आणि मग मागाहून आलेलें हिंव कोंवळी फूट जाळून टाकतें. एप्रिल २०२४ च्या चौथ्या आठवड्यांत असेंच झालें व झार-रूवरकडील कित्येक मळ्यांचें त्या वर्षाचें पीक एका-दोन रात्रींत गेलें. अवकाळी गारपिटीनें बागा झोडपलेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस अधिक सांगणें नको.

आमच्यांतील कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणतात कीं गोडसर वाईन अडाण्यांची; जाणकार कोरडी व जोरकस पितो. दुसरे म्हणतात कीं पैसे मोजावयाचे तर नशा तरी चढली पाहिजे, आठ टक्क्यांस काय चाटावयाचें? पहिल्यांस माझें सांगणें असें कीं गोडी हा दोष नव्हे, तोल नसणें हा दोष; सपाटीवरच्या स्वस्त बाटल्यांनीं जें नांव घालविलें त्याचा दंड उतारावरच्या मालावर बसवूं नये. दुसऱ्यांशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं ही वाईन घेऊंच नये. त्यांच्या हातीं ती वायां जाईल. ज्यास नुकतें जेवण झाल्यावर, किंवा संध्याकाळीं ओसरीवर बसून, एखाद्या फळाचा वास घ्यावा तसा एक पेला घ्यावयाचा आहे, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून कामास लागावयाचें आहे, त्याच्यासाठीं ती आहे. अशा माणसानें तिच्यासाठीं जोरकस बाटलीइतकीच किंमत आनंदानें द्यावी. मद्यांशाच्या टक्केवारीवर भाव ठरविणें म्हणजे आंब्याचा भाव कोयीच्या वजनावर ठरविण्यासारखें आहे.

ज्या वाचकांचीं मुलें-पुतणे त्या देशांत आहेत व ज्यांस जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठीं थोडी माहिती देतों. लेबलावर गांवाच्या नांवापुढें उताराचें नांव आहे का तें पाहावें, आणि तें खरोखर उताराचें आहे कीं सामाईक क्षेत्राचें हें दुकानदारास निःसंकोच विचारावें. मद्यांशाचा आंकडा नऊच्या आंत असला व 'ट्रॉकन', म्हणजे कोरडी, असा शब्द नसला तर ती आपली वाईन. साल गतवर्षाचें घ्यावें; चांगल्या मळ्याची जुनीहि उत्तम लागते, परंतु तिचा वास निराळा, त्यांत वसंताचा ताजेपणा नसतो. मधुमेह असणारांनीं तिच्यांतील साखर लक्षांत घ्यावी. शीतपेटींतून काढल्यावर आठ-दहा अंशांवर येईपर्यंत पांच-दहा मिनिटें थांबावें, कारण फार गार असतां वास उठत नाहीं. पेला लहान घ्यावा व अर्धाच भरावा. उरलेली बाटली बूच लावून थंड जागीं ठेवल्यास तीन-चार दिवस चवींत फारसा फरक पडत नाहीं. दोन माणसांस ती तेवढे दिवस पुरावी.